कानाला भोक असलेली गाय

वेस्टबी आणि झेलेना या दोन वस्त्यांच्या मधून एक ओढा वाहतो. अल्बर्टाच्या नकाशात त्याला नाव नाही. उन्हाळ्यात त्यात गुडघाभरही पाणी नसतं. अलीकडे आम्ही युक्रेनी, पलीकडे डॅनिश. दोघांच्याही आजोबांना सरकारने सारख्याच मापाची जमीन सारख्याच भावाने दिली होती. तरी मी ज्या काळाचं सांगते आहे त्या काळात, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या दोन वर्षांत, त्यांच्या गोठ्यांना लाल रंग दिलेला असे आणि आमच्या गोठ्यांना कसलाच रंग नसे.

याचं एक कारण झाडं. आमचे आजोबा आधी आले आणि त्यांना हवी ती जमीन निवडायची मुभा होती. मायदेशात जंगल जमीनदाराचं असायचं. वाळकी काटकी उचलली तरी पाठीवर चाबूक बसायचा. त्यामुळे इथे उतरल्यावर त्यांनी माती पाहिलीच नाही, झाडं पाहिली. जिथे दाट झाडी होती ती रेताड जमीन त्यांनी हट्टाने मागून घेतली, आणि रात्री शेकोटीभोवती बसून, म्हणे, आनंदाने रडले. दहा वर्षांनी डॅनिश आले तेव्हा उघडं माळरान शिल्लक होतं. त्यांनी पहिल्याच वर्षी त्या काळ्या मातीत नांगर घातला. आम्ही पंधरा वर्षं बुंधे उपटत होतो.

मी जन्मले अलीकडे आणि नोकरी करत होते पलीकडे. एडमंटनला रसायनशास्त्र शिकून आल्यावर वेस्टबीच्या सहकारी डेअरीत मला काम मिळालं. सायीतल्या स्निग्धांशाची तपासणी करायची. आठवडाभर मी तिथेच एका विधवेच्या घरी राहत असे आणि रविवारी झेलेनाला, माझ्या भावाकडे, ओनुफ्रीकडे येत असे. घरात आमची आई पारास्का, वहिनी टेक्ला, तिची नऊ वर्षांची मुलगी युस्तिना आणि एक अंगावर पिणारं बाळ.

त्या वसंतात सरकारी नर्सबाई गुड्रून बाक झेलेनाच्या वाचनघरात भाषण द्यायला आल्या. त्या वेस्टबीच्याच. वर्षभर त्यांनी दोन्ही शाळांतल्या मुलांची उंची आणि वजन मोजलं होतं. भिंतीवर त्यांनी एक मोठा कागद लावला. त्यावर निळे पट्टे होते ते डॅनिश मुलांचे आणि तांबडे आमच्या मुलांचे. प्रत्येक वयाला निळा पट्टा उंच. आमचे मास्तर त्यांचं इंग्रजी बोलणं युक्रेनीत सांगत होते.

"नऊ वर्षांच्या मुलींमध्ये दोन इंचांचा फरक आहे," मास्तर म्हणाले.

"त्यांची दारं उंच आहेत," मागून म्हातारा सेमको म्हणाला. "आमच्या घरात दोन इंच वाढलं की डोकं फुटतं."

सगळे हसले. नर्सबाईंनी काय झालं म्हणून विचारलं. मास्तरांनी सांगितलं नाही.

मग त्यांनी विचारलं, मुलांना दूध कसं देता. बायकांनी सांगितलं: आंबवून, नाहीतर भट्टीत भाजून. आमच्याकडे पाव काढल्यावर भट्टी गरम असते तेव्हा दुधाचं मडकं आत ठेवायची रीत आहे. सकाळपर्यंत दूध बदामी होतं, वर जाड खरपूस साय येते. नर्सबाईंनी मान हलवली. त्या मनापासून बोलत होत्या, त्यांच्या आवाजात जराही हिणवणं नव्हतं. त्या म्हणाल्या, एवढं भाजल्यावर दुधात काय उरणार? डॅनिश आया मुलांना सकाळ-संध्याकाळ ताज्या, थंड, कच्च्या दुधाचा एक ग्लास देतात. बाकी सगळं सोडा, एवढं करा.

टेक्ला पहिल्या बाकावर बसली होती. सेमकोच्या विनोदाला ती हसली नव्हती. वर्गात सगळ्यांत बुटकी मुलगी युस्तिना होती, आणि हे कागदावर लिहिलेलं नसलं तरी सगळ्यांना माहीत होतं.

शरद ऋतूत ओनुफ्रीने गाय घेतली. गुरांचा दलाल प्रिंगल गाडीतून घेऊन आला होता. त्यासाठी भावाने ओटचं सगळं पीक आणि एक कालवड दिली. मी रविवारी आले तर टेक्लाने मला कोट काढू दिला नाही, तशीच गोठ्यात नेलं.

"वन्सं, हात लावून बघा. आपल्या दोघींच्या अंगाची मिळून एक होईल."

गाय खरोखरच देखणी होती. गडद लाल, रुंद पाठ, भरलेली कास. आमच्या दोन खुज्या गायी तिच्या शेजारी शेळ्यांसारख्या दिसत होत्या.

"खरी वेस्टबीची," टेक्ला म्हणाली. "हे बघा." तिने गाईचा उजवा कान धरून उजेडाकडे केला. कानाच्या मधोमध पावलीएवढं गोल, स्वच्छ भोक होतं. "निवडक गाईंनाच पाडतात. झेलेनात अशा चार-पाच आहेत. प्रिंगल म्हणाला, भोकवाली मिळायला नशीब लागतं."

"असं का पाडतात?"

"तुम्ही त्यांच्यात राहता, तुम्हीच विचारा. आपल्याला काय, कुंकवाच्या टिकलीला कोणी कारण विचारतं का?"

खरं तर तिने टिकली म्हटलं नव्हतं, लग्नातल्या हिरव्या मुकुटाचं काहीतरी म्हणाली होती. पण अर्थ तोच. ती खूण मी डेअरीत लागण्याच्या बऱ्याच आधी सुरू झाली होती आणि मला तिच्याविषयी काही ठाऊक नव्हतं.

त्या दिवसापासून घरात दुधाचे दोन भाग झाले. खुज्या गायींचं दूध आईच्या मडक्यात जायचं. लाल गाईचं दूध विहिरीत गार करून काचेच्या ग्लासात युस्तिनाला. उरलेल्याची साय डेअरीला.

"कच्चं दूध वासरं पितात," आई म्हणायची.

"आई, तुम्ही भाजून पाजलंत ना तुमच्या मुलाला? उभा करा त्याला दारात. चौकट अजून शिल्लक राहते."

ओनुफ्री जेवता जेवता म्हणायचा, "माझ्या उंचीला मध्ये आणू नका." आणि हसायचा. त्या हिवाळ्याच्या सुरुवातीला आमच्या घरात पुष्कळ हसणं होतं.

जानेवारीत, आमच्या जुन्या पंचांगातल्या नाताळाच्या दिवशी, युस्तिनाने भरतकामाचा पांढरा सदरा घातला. गळ्याचं बटण लागेना. टेक्ला म्हणाली, "बघा, वाढायला लागली." मी बटण लावायला वाकले आणि पाहिलं की वाढ सगळीकडून झालेली नव्हती. जबड्याखाली, एका बाजूला, अक्रोडाएवढी सूज होती. दुखत नव्हती. लाल नव्हती. युस्तिना म्हणाली, "आत्या, तिथे गुदगुल्या होतात."

मी टेक्लाला ओसरीत बोलावलं. तिथे इतकी थंडी होती की आमच्या तोंडातून वाफ निघत होती.

"वहिनी, दूध उकळून द्या. आजपासून."

"का? थंडीने गाठ आली आहे. हंसाची चरबी लावतेय मी."

"गाईला क्षय असला तर तो दुधातून उतरतो. आधी गळ्यात गाठी येतात."

"आपल्या गाईंचं ती पीतच नाही. ते बाकीच्यांना, तेही भाजूनच." ती मला समजावून सांगत होती, एखाद्या मंद मुलाला सांगावं तसं. "ही डॅनिश गाय आहे, वन्सं. कान बघितलात ना तुम्ही."

"कानाचा आणि फुप्फुसाचा काय संबंध?"

"त्यांची एक तरी पोर अशी पाहिलीत? तुम्हीच सांगा. दोन वर्षं तिथे आहात."

मी पाहिली नव्हती. हेच मला रात्रभर खटकत राहिलं. वेस्टबीची मुलं कच्चं दूध पीत होती आणि त्यांच्या गळ्याला गाठी नव्हत्या. म्हणजे एक तर माझा तर्क चुकीचा, नाहीतर त्यांच्या गायींत आणि त्यांनी विकलेल्या गायींत काही फरक होता.

दुसऱ्या दिवशी मी डेअरीच्या अध्यक्षांकडे गेले. अक्सेल थुसेन साठीचे होते, सावकाश बोलणारे, चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. मला नोकरी देताना मंडळात दोघांनी आडनावावरून हरकत घेतली होती आणि थुसेननी ती मोडून काढली होती. त्यांच्या बायकोने कॉफी ठेवली आणि वेलदोड्याचा केक कापला.

मी विचारलं, "गाईच्या उजव्या कानाला गोल भोक पाडायची तुमच्यात काही रीत आहे का?"

त्यांनी कप खाली ठेवला. "कुठे पाहिलंत?"

"माझ्या भावाच्या गोठ्यात."

मग त्यांनी सांगितलं. सहा वर्षांपूर्वी वेस्टबीने आपल्या खर्चाने पशुवैद्य बोलावून सगळी गुरं क्षयासाठी तपासून घेतली होती. शेपटीखाली सुई टोचायची. तिसऱ्या दिवशी तिथे सूज आली तर गाय बाधित. अशा गायींच्या कानाला भोक पाडलं, चुकून परत कळपात मिसळू नयेत म्हणून. ज्याच्या गायी गेल्या त्याला सहकारी फंडातून नवी कालवड मिळाली. कोणाचं नुकसान झालं नाही.

"आणि भोक पाडलेल्या?"

"प्रिंगलला दिल्या. कत्तलीसाठी. तसं स्पष्ट सांगून."

"किती?"

"तेव्हा अकरा. पुढेही दर वर्षी तपासणी होते, एखाद-दुसरी निघते." मग ते म्हणाले, "लाल आहे? रुंद पाठीची, डाव्या मागच्या पायावर पांढरा ठिपका?"

"हो."

"ती आमच्या गोठ्यातली. गेल्या उन्हाळ्यात दिली." आणि मग, माझ्याकडे न बघता, त्यांनी विचारलं, "दूध चांगलं देते का अजून?"

मला वाटतं, प्रश्न तोंडातून गेल्यावर त्यांनाच तो ऐकू आला. त्यांची बायको उठून चुलीकडे गेली. थुसेन म्हणाले, डॉक्टरचा खर्च मी देतो. आणि म्हणाले, हे चारचौघांत येऊ नये. लोण्याच्या डब्यावर वेस्टबीचं नाव आहे. लोणी आम्ही तापवलेल्या सायीचं करतो, त्यात काही धोका नाही हे तुम्ही स्वतः जाणता. पण गिऱ्हाईक ऐकेल का? तुमच्या लोकांचीही साय त्याच लोण्यात जाते.

हे सगळं खरं होतं.

मी त्याच दिवशी बर्फगाडी मागून घेऊन झेलेनाला गेले आणि टेक्लाला सांगितलं. ती बाळाला पाजत होती. तिने बाळाला सोडवलं नाही.

"आता उकळून दिलं तर?"

"पुढचं थांबेल. गेलेलं परत येणार नाही."

"कधीकधी नको म्हणायची ती," टेक्ला म्हणाली. "गार दुधाने दात शिवशिवतात म्हणायची. मी ग्लास रिकामा होईपर्यंत समोर उभी राहायचे."

ओनुफ्री दारात उभा होता. तो म्हणाला, "बाहेर कोणाला बोलायचं नाही. पोरीला क्षय आहे म्हटल्यावर हिचं पुढे लग्न कोण करील?"

त्या दिवशी आम्ही सगळेच तिच्या पुढच्या आयुष्याचा विचार करत होतो.

मी मात्र ज्या घरांत भोकवाल्या गायी होत्या तिथे गेले. दूध उकळा म्हटलं. एका घरात मला बसायला सांगितलं आणि मग विचारलं, भावाची गाय आटली वाटतं? दुसऱ्या घरात म्हणाले, दोन वर्षं डॅनिश केक खाल्लास आणि आता आमच्या घरात डॅनिश गाय बघवत नाही होय. मास्तर म्हणाले, नर्सबाईंच्या बोलण्याच्या उलट मी कसं सांगू?

फेब्रुवारीत गाठ फुटली. वेस्टबीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी ती साफ केली. बिल थुसेननी दिलं. डॉक्टर मला, सुशिक्षित म्हणून, बाजूला घेऊन म्हणाले, "तुमच्या वस्तीतून अशी मुलं वरचेवर येतात. इकडची जवळजवळ नाहीतच. घरं कोंदट, खिडक्या बंद, एका खोलीत सहा माणसं. सवयी बदलायला पिढ्या लागतात." मी गाईचं सांगितलं. ते म्हणाले, तेही एक कारण असू शकेल.

मार्चमध्ये युस्तिनाचं डोकं दुखायला लागलं. उजेड सहन होईना. मेंदूच्या आवरणापर्यंत रोग पोचला की काय होतं ते मी पुस्तकात वाचलं होतं, आणि क्रमाने तेच होत गेलं. तेव्हा त्यावर औषध नव्हतं. टेक्ला दवाखान्यात तिच्या उशाशी बसून असायची आणि बाळाला मी सांभाळायचे. नर्सबाई रोज यायच्या, चादर बदलायच्या. एकदा त्या टेक्लाला म्हणाल्या, "ती थोडं दूध घेईल का?" टेक्लाला इंग्रजी कळत नव्हतं. मी नर्सबाईंना व्हरांड्यात नेलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग त्या भिंतीला टेकल्या आणि म्हणाल्या, "पण मोजमाप बरोबर होतं."

"मोजमाप बरोबरच होतं," मी म्हटलं.

ओढ्यावरचा बर्फ फुटला त्या आठवड्यात युस्तिना गेली. मायदेशाच्या रितीप्रमाणे, लग्न न झालेल्या मुलीला नवरीसारखं सजवून ठेवतात. टेक्लाने तिला तोच भरतकामाचा सदरा घातला आणि बटण उघडंच ठेवलं.

पंधरा दिवसांनी मी आले तर गोठ्यात लाल गाय नव्हती.

"प्रिंगलला दिली," ओनुफ्री म्हणाला. "हिला तिच्याकडे बघवत नव्हतं. शवपेटीचे पैसे द्यायचे होते."

"काय सांगून दिलीस?" टेक्लाने विचारलं. कोणाला दिली हे तिलाही तेव्हाच कळत होतं.

"कत्तलीसाठी म्हणून. स्पष्ट सांगितलं."

टेक्लाने बाळ आईकडे दिलं आणि डोक्याला रुमाल बांधला. "थुसेननीही स्पष्टच सांगितलं होतं," ती म्हणाली. "चला, वन्सं."

आम्ही चालत निघालो. रस्त्यात चिखल होता. तीन घरांत नुसती विचारपूस केली. चौथं घर याव्दोखाचं. तिला तीन मुलं, नवरा लाकूडतोडीच्या छावणीवर. आतापर्यंत मुलांसाठी ती शेजारच्या भोकवाल्या गाईचं दूध विकत आणायची. लाल गाय कुंपणाशी उभी होती आणि याव्दोखा तिची पाठ घासत होती.

"टेक्ला," ती म्हणाली, "देव तुझं दुःख हलकं करो." मग तिची नजर आमच्या दोघींवरून गाईवर गेली. "तुमचीच होती ना? प्रिंगल म्हणाला. मी पैसे मोजून घेतली आहे हं."

टेक्ला म्हणाली, "तिला क्षय आहे. हिच्या दुधाने माझी मुलगी गेली."

"युस्तिनाला थंडी बाधली. तूच तर सांगितलंस सगळ्यांना."

"ते खोटं सांगितलं."

"मग आत्ताचं खरं कशावरून?" याव्दोखा कठोर बाई नव्हती. तिने आयुष्यात पहिल्यांदा एक चांगली वस्तू विकत घेतली होती. "दुःखात माणसाला काही सुचत नाही, मी समजते. पण वेस्टबीची गाय आहे ही. तिथे सगळं तपासतात."

मी म्हटलं, "तपासतात म्हणूनच कानाला भोक आहे." आणि सगळं समजावून सांगितलं. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "ओरिसिया, तू बाटल्यांत साय मोजतेस. गुरांचं डॉक्टर कधी झालीस?"

"पैसे परत देते," टेक्ला म्हणाली.

"दे."

टेक्लाकडे पैसे नव्हते. ते सुताराला गेले होते. ती म्हणाली, "माझ्या दोन गायी घे. दोन्ही दुभत्या आहेत. त्यांना काही नाही. ही मला दे."

मी तिच्याकडे पाहिलं. त्या दोन गायी म्हणजे तिचं घर होतं.

याव्दोखाने ब्रश खाली ठेवला. तिच्या चेहऱ्यावर जे थोडं डळमळलं होतं ते परत घट्ट झालं. "दोन देतेस? एका आजारी गाईसाठी दोन दुभत्या?" ती हसली. "टेक्ला, मी शाळेत गेले नाही, पण एवढं मला कळतं. म्हणजे हिची किंमत तीन गायींएवढी तरी असणार."

परत येताना ओढ्याच्या लाकडी पुलापाशी टेक्ला थांबली. "आपलं ती ऐकणार नाही," ती म्हणाली. "डॅनिश माणसाने सांगितलं तर ऐकेल."

आम्ही पूल ओलांडून थुसेनकडे गेलो. टेक्ला पहिल्यांदाच पलीकडच्या एखाद्या घरात जात होती. पायपुसण्यावर तिने इतका वेळ पाय पुसले की शेवटी थुसेनच्या बायकोने तिचा हात धरून तिला आत घेतलं. टेक्ला बोलली आणि मी इंग्रजीत सांगितलं. थुसेननी टोपी घेतली आणि गाडी काढली. वाटेत मला वाटलं, आज हे संपेल.

याव्दोखाच्या अंगणात थुसेनची मोटार थांबली तेव्हा शेजारपाजारची माणसं जमली. याव्दोखाने एप्रनने बाक पुसलं. थुसेन बसले नाहीत. ते गाईपाशी गेले, तिच्या मानेवर हात ठेवला. गाईने त्यांना ओळखलं असावं. तिने मान त्यांच्या कोटाला घासली. त्यांनी जमलेल्या माणसांकडे पाहिलं. मी त्यांच्या शेजारी उभी होते, त्यांचं बोलणं युक्रेनीत सांगायला तयार. त्यांच्या ओठांची हालचाल सुरू झाली आणि थांबली.

मग ते मला म्हणाले, "सांगा, ही माझ्या घरची गाय आहे. मी ती परत विकत घेतो. त्यांनी दिली त्याच्या तिप्पट."

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच सांगा."

मी तेवढं सांगितलं, आणि मग का, तेही सांगितलं. पण 'तिप्पट' या शब्दानंतर कोणी काही ऐकत नव्हतं. थुसेननी नोटा मोजून दिल्या. जमलेल्या माणसांत म्हातारा सेमको होता. तो म्हणाला, "गाय परत न्यायला अध्यक्ष स्वतः मोटार घेऊन येतो. आमच्या बायकोला न्यायला माझा सासराही आला नव्हता." याव्दोखाने टेक्लाकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, जिंकल्याचं समाधान होतं.

थुसेननी त्या संध्याकाळी गाय गोळी घालून मारली आणि चुना टाकून पुरली, हे मला त्यांच्या बायकोने सांगितलं. झेलेनात ते कोणाला कळलं नाही. तिथे आठवडाभरात भोकवाल्या गाईचा भाव दुप्पट झाला. प्रिंगल दोनदा येऊन गेला. ज्यांच्याकडे अशी गाय होती ते तिला जास्त जपू लागले, आणि तिचं दूध मुलांशिवाय कोणाला देईनात.

पुढच्या रविवारी प्रार्थना संपल्यावर माणसं चर्चच्या अंगणात उभी होती. ओनुफ्री टेक्लाला म्हणाला, "चल घरी." ती गेली नाही. ती चर्चच्या पायरीवर चढली. आमच्यात बायका तिथे उभ्या राहून बोलत नाहीत. लोक आपोआप गप्प झाले.

"युस्तिनाला थंडी बाधली नव्हती," टेक्ला म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता. "मी तिला मारलं. सकाळ-संध्याकाळ, माझ्या हाताने. तिला नको असायचं, मी उभी राहून पाजायचे. मला ती वेस्टबीच्या मुलींएवढी व्हायला हवी होती."

"टेक्ला, उतर खाली," ओनुफ्री म्हणाला.

"तुमच्यापैकी कोणालाही थुसेन कारण सांगणार नाही. माझ्या नणंदेने सांगितलं, ते तुम्हाला हेवा वाटला. मी सांगतेय त्यात मला काय मिळणार आहे ते तुम्हीच बघा. आजपासून तुम्ही मला पोर मारणारी म्हणाल. म्हणा. पण घरी जायच्या आधी, इथेच, आपापल्या मुलांच्या गळ्याला हात लावून बघा. इथे, जबड्याखाली."

कोणी हललं नाही. कोणीतरी म्हणालं, बिचारीचं डोकं फिरलं आहे. पाद्री पुढे आले आणि त्यांनी तिचा दंड धरला.

मग याव्दोखाने आपल्या मधल्या मुलाला जवळ ओढलं. तो खेळायला पळत होता, तिने कॉलर धरून त्याला थांबवलं आणि दोन बोटं त्याच्या जबड्याखाली घातली. एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला. तिच्याकडे बघून आणखी एकीने मुलीचा रुमाल सोडला. मग तिच्या शेजारणीने. थोड्या वेळाने अंगणातल्या सगळ्या बायका वाकल्या होत्या आणि मुलं माना वर करून उभी होती, काही जण गुदगुल्यांनी हसत. मी पायरीपाशी उभी राहून बघत होते. बहुतेकींची बोटं फिरून खाली आली.

चौघींची आली नाहीत. त्यांतली एक याव्दोखा होती. तिने मुलाच्या गळ्यावरचा हात तसाच ठेवला आणि मान वर करून टेक्लाकडे पाहिलं.